ओपन स्पेसवर पत्रे ठोकले गेले तर: नाशिककरांनी कुठून सुरुवात करावी

रविवारी सकाळी कॉलनीतल्या मोकळ्या मैदानाला पत्र्याचं कुंपण पडलेलं दिसतं. कुणी घातलं, कशासाठी घातलं, काही फलक नाही. दुपारपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनशे मेसेज. एक म्हणतो मोर्चा काढू, दुसरा म्हणतो नगरसेवकाला फोन लावा, तिसऱ्याचा मेहुणा वकील असतो. संध्याकाळी सगळे दमून गप्प होतात आणि सोमवारी पत्रेवाला आत खांब रोवायला लागतो.

पाथर्डी फाट्याकडच्या आमच्या कॉलनीत हे झालं तेव्हा त्या दोनशेंत माझेही वीसेक मेसेज होते. पुढची काही वर्षं सातबारे, नकाशे, अर्ज आणि पोहोच यांत गेली. मी वकील नाही. पण या भानगडीत नव्याने पडणाऱ्याला पहिले सहा महिने काय करावं हे सांगण्याइतका घासून निघालो आहे.

सुरुवातीलाच एक गाठ सोडवून घ्या. ‘जागा कुणाची?’ आणि ‘जागा कशासाठी?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लोक यांची सरमिसळ करतात आणि तिथेच घसरतात. सातबाऱ्यावर खासगी माणसाचं नाव दिसलं की ‘मग काय, त्याची जागा आहे’ म्हणून निम्मी कॉलनी घरी जाते. पण खासगी जमिनीवर उद्यानाचं आरक्षण असू शकतं, किंवा ती लेआउटमधली खुली जागा असू शकते, आणि मग मालकालाही तिथे हवं ते करता येत नाही. उलटंही खरं. जमीन महापालिकेच्या मालकीची असली तरी बागेसाठी ठेवलेल्या जागेवर महापालिका गाळे काढू शकत नाही. या शहरातले जागांचे बहुतेक वाद दुसऱ्या प्रश्नावर ठरतात, आणि आपण भांडत बसतो पहिल्यावर.

जागेला नाव नाही, नंबर लागतो

‘साईबाबा मंदिरामागचं मैदान’ असा पत्ता कुठल्याही दप्तरात नसतो. मौजे, सर्व्हे नंबर किंवा गट नंबर, हिस्सा, आणि सिटी सर्व्हे झालेला भाग असेल तर सिटी सर्व्हे नंबर, एवढं हातात असल्याशिवाय एकही अर्ज लिहू नका. आमचा पहिला अर्ज परत आला तो यामुळेच. आम्ही कॉलनीचं नाव घातलं होतं, आणि जो सर्व्हे नंबर लिहिला तो शेजारच्या मौज्याचा निघाला. नाशिकमध्ये कॉलन्या एका नावाने वाढल्या आणि जमिनी आनंदवली, कामटवाडे, पाथर्डी, मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, विहितगाव या जुन्या गावांच्या नावावरच राहिल्या. आपल्या फ्लॅटच्या खरेदीखताचं पहिलं-दुसरं पान काढा. मिळकतीचं वर्णन तिथे असतं, त्यातला सर्व्हे नंबर बहुधा त्या ओपन स्पेसचाही मूळ नंबर असतो.

मग जागा कोणत्या दरबारात मोडते ते बघा. आपल्याकडे सगळं एकाच छताखाली नाही. महापालिकेच्या जागेचा कारभार शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनात. सरकारी आणि गायरान जमीन जिल्हाधिकाऱ्यांकडे. नवीन नाशिकचा मोठा भाग सिडकोने वसवलेला, तिथे सिडकोचे पट्टे आणि सिडकोची कागदपत्रं. सातपूर-अंबडच्या औद्योगिक भूखंडांसाठी एमआयडीसी. देवळालीत छावणी परिषद आणि संरक्षण खातं. तिथे सातबाऱ्यापेक्षा जनरल लँड रजिस्टर बोलतं. पाटालगतची पट्टी असेल तर पाटबंधारे खातं, रुळालगतची असेल तर रेल्वे. पंचवटीत देवस्थान इनामाच्या जमिनी आहेत, त्यांची कथा निराळीच. चुकीच्या दारात दिलेला अर्ज ‘आमच्याकडे विषय येत नाही’ अशा एका ओळीने परत येतो, तोही महिन्याभराने.

पाच कागद

सातबारा आणि फेरफार ऑनलाइन मिळतात, सिटी सर्व्हेच्या भागात त्याऐवजी मिळकत पत्रिका. सातबाऱ्यावर कब्जेदाराचं नाव सगळेच वाचतात. तुम्ही ‘इतर हक्क’चा रकाना वाचा, भोगवटादार वर्ग १ आहे की २ ते बघा, आणि खालचे फेरफार नंबर उतरवून एकेक काढा. जमीन कुणाकडून कुणाकडे आणि कशाच्या आधारे गेली, ती गोष्ट फेरफारात असते.

तिसरा कागद मंजूर लेआउटचा नकाशा. चौथा विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला. हे नगररचना विभागात अर्ज करून, फी भरून मिळतात. पाचवा, त्या जागेबद्दल महापालिकेने केलेला ठराव किंवा करार, असला तर.

लेआउटच्या नकाशावर जरा थांबतो, कारण कॉलन्यांतले निम्मे वाद इथलेच. एक एकराच्या आसपास किंवा त्याहून मोठ्या, नेमकं सांगायचं तर ४,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या जमिनीचा लेआउट करताना दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही भाग वगळता राज्यभर लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही ही अट आहे. जमीनमालक लेआउट मंजूर करून घेतो, प्लॉट विकतो, निघून जातो. खुल्या जागेचा सातबारा मात्र त्याच्याच नावावर राहतो, कारण तो बदलायचं कुणाच्या लक्षात येत नाही. वीस-पंचवीस वर्षांनी त्याचे वारस लागतात. सातबारा कोरा आणि खासगी, भाव गगनाला. मग कुणीतरी ‘सातबारा बघून’ ती जागा विकत घेतो आणि पत्रे ठोकतो.

अशा वेळी लेआउटचा मंजूर नकाशा हाच तुमचा मुख्य कागद. लेआउटमध्ये खुली म्हणून दाखवलेली जागा मालक दुसऱ्या कामाला लावू शकत नाही, आणि ती फुकटात महापालिकेच्या मालकीचीही होत नाही. ती रहिवाशांसाठी राखून ठेवलेली असते, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका प्रकरणात नव्वदच्या दशकात घेतली होती. २०२० साली मुंबईतल्या जुहूच्या जेव्हीपीडी योजनेतल्या मोकळ्या भूखंडांबाबतही न्यायालयाने तोच सूर लावला. आमच्या बाबतीत हा नकाशा पहिल्यांदा सापडला एका निवृत्त ओव्हरसियर काकांच्या माळ्यावर. त्यांनी १९९० च्या दशकात प्लॉट घेतानाची नकाशाची ब्लू प्रिंट जपून ठेवली होती. कार्यालयातली प्रत नंतर मिळाली, पण तोवर काय शोधायचं हे आम्हाला कळलेलं होतं. तुमच्याही कॉलनीत असे एक काका असतील. आधी त्यांच्याकडे चहा प्या.

नेमकं काय चाललंय ते ओळखा

पत्रे दिसले म्हणजे अतिक्रमणच, असं नसतं. साध्या अतिक्रमणात कुणाकडेच कागद नसतो. तिथे महापालिकेच्या विभागीय कार्यालयाकडे (आपल्याकडे सहा विभाग आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक, सातपूर) आणि सरकारी जमीन असेल तर तहसीलदारांकडे तक्रार. जमीन महसूल संहितेच्या कलम ५० खाली जिल्हाधिकारी सरकारी जागेवरचं अतिक्रमण काढू शकतात. गायरान असेल तर तक्रारीत २०११ चा जगपाल सिंग निकाल आणि त्यानंतरचा १२ जुलै २०११ चा शासन निर्णय नमूद करा. पंजाबातल्या एका गावतळ्याच्या जागेवरून निघालेला तो निकाल देशभरच्या गायरानांना लागू पडला.

दुसरा प्रकार, महापालिकाच जागा कुणाला तरी भाड्याने किंवा बीओटीवर (बांधा, वापरा, परत करा) देते. महापालिका अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे आयुक्तांना महासभेची मंजुरी लागते आणि मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी चालत नाही. म्हणून ठराव क्रमांक, तारीख आणि मूल्यांकन या तीन गोष्टी मागा. मार्च २०२२ नंतर काही वर्षं आपल्याकडे सभागृहच नव्हतं, प्रशासक होते. त्या काळातले ठराव प्रशासकीय आहेत, ते शोधताना महासभेच्या इतिवृत्तात वेळ घालवू नका.

तिसरा प्रकार आरक्षण बदलण्याचा. एमआरटीपी कायद्याच्या, म्हणजे १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल करता येतो. राजपत्रात सूचना निघते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. ‘किरकोळ’ या शब्दाला हसू नका. मैदानाचं निवासी होणं हा फेरबदलही त्याच कलमातून मांडला जातो, आणि तो किरकोळ कसा, हाच तुमच्या हरकतीचा पहिला मुद्दा असू शकतो. गावकरी, देशदूत किंवा तुमच्याकडे येणाऱ्या पेपरातलं जाहीर सूचनांचं पान कॉलनीतल्या एकाने रोज वाचावं. आमच्याकडे ते काम एका आजींनी घेतलं आहे. शब्दकोडं सोडवून झालं की त्या सूचना वाचतात.

चौथ्या प्रकाराबद्दल सध्या सगळ्यांनी जागं राहायला हवं: कलम १२७. विकास आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक मालकीच्या कागदांसह नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादन किंवा त्याची खरीखुरी पावलं पडली नाहीत, तर आरक्षण संपलं असं मानलं जातं. पूर्वी ही मुदत सहा महिने होती, मग बारा, आता चोवीस. ‘पावलं’ म्हणजे नुसता प्रस्ताव पाठवणं नव्हे, हे गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितलं आहे. नाशिकचा सध्याचा आराखडा २०१७ साली मंजूर झाला. दहा मिळवा: २०२७. जुन्या आराखड्यातून तसंच पुढे आलेलं आरक्षण असेल तर दहा वर्षं कुठून मोजायची हा स्वतंत्र वाद होतो, तो वकिलावर सोडा. तुम्ही एवढंच विचारा: या आरक्षण क्रमांकावर कलम १२७ ची नोटीस आली आहे का, कधी, आणि महापालिकेने त्यावर काय केलं?

इथे मालकाची बाजूही ऐकून घ्यावी लागते. ज्याच्या मळ्यावर बागेचं आरक्षण पडलं, त्याला वर्षानुवर्षं ना बांधता येतं ना चांगल्या भावाने विकता येतं. रोख मोबदला द्यायचा तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरातही बाजारभावाच्या साधारण दुप्पट पैसे लागतात, म्हणून महापालिका टीडीआर (रोख पैशांऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) पुढे करते आणि मालकाला तो नको असतो. मालक कायद्याचा हक्क वापरतो म्हणून त्याला लँडमाफिया ठरवू नका. आरक्षण वाचवायचं असेल तर दबाव मालकावर टाकून उपयोग नाही, मुदतीत संपादन न करणाऱ्यावर टाका. चोवीस महिने भरेपर्यंत कॉलनी झोपलेली असेल तर नंतर छाती पिटण्यात अर्थ नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज

दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. ‘का’, ‘कुणाच्या आशीर्वादाने’, ‘हे योग्य आहे काय’ असले प्रश्न अजिबात नकोत. माहिती अधिकारात कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. आमचा चाललेला मसुदा असा:

‘मौजे ____, सर्व्हे नं. ____ मधील मंजूर लेआउटमधील खुली जागा. कालावधी: मंजुरीच्या तारखेपासून आजपर्यंत. (१) मंजूर लेआउट नकाशा व मंजुरीपत्राची प्रत. (२) खुल्या जागेच्या ताब्याची पावती अथवा करारनाम्याची प्रत. (३) सदर जागेवर दिलेली परवानगी, भाडेपट्टा अथवा ठराव यांच्या प्रती. (४) या विषयाच्या नस्तीची प्रत्यक्ष पाहणी.’

चौथा मुद्दा कधीही वगळू नका. प्रतींमध्ये जे येत नाही ते फाइलच्या टिप्पणीत सापडतं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, मग नव्वद दिवसांत दुसरं अपील, त्यासाठी माहिती आयोगाचं खंडपीठ नाशिकलाच आहे. एक सोपी वाट बऱ्याच जणांना माहीतच नसते: २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. जाताना निर्णयाची प्रत जवळ ठेवा, कारण खिडकीपलीकडच्या माणसाने तो वाचलेला असेलच असं नाही.

हरकत कशी लिहावी

सह्यांचं भलंमोठं निवेदन फोटोला चांगलं दिसतं. पण शंभर सह्यांचं एक निवेदन बऱ्याचदा एकच हरकत म्हणून मोजलं जातं. त्यापेक्षा प्रत्येक घराने आपल्या शब्दांत अर्ध्या पानाची वेगळी हरकत द्यावी. वर जागेचा नंबर, सूचनेची तारीख. मध्ये दोन-तीन मुद्दे, प्रत्येकाला जोडलेला कागद. शेवटी ‘मला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी’ ही ओळ. राजकारण्यांची नावं, ‘भ्रष्ट’, ‘साटंलोटं’ हे शब्द गाळा. सिद्ध करता येत नसेल तर उलट तुमच्यावरच अब्रूनुकसानी यायची. आवक विभागात दुसऱ्या प्रतीवर शिक्का, क्रमांक, तारीख घ्या. शिक्का नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

सुनावणीला जाताना तिघंच जा आणि आधी ठरवा कोण बोलणार. आमच्या पहिल्या सुनावणीला आम्ही सतरा जण गेलो आणि सतरा जण एकदम बोललो.

मधल्या काळात लोकशाही दिन वापरा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो जिल्हाधिकारी कार्यालयात असतो आणि महापालिकेतही, अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. कोर्टात गेलेला विषय तिथे घेत नाहीत, म्हणून ही पायरी कोर्टाआधीची.

सिंहस्थाचं प्रकरण वेगळं

दर बारा वर्षांनी नाशिकमध्ये जागेचं गणित बदलतं. तपोवनात साधुग्राम, वाहनतळ, रुंद रस्ते, घाट. २०१५ झालं, आता २०२६-२७ चा सिंहस्थ. २०२५ च्या अखेरीस साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याच्या प्रस्तावावरून शहर पेटलं, ते सगळ्यांना आठवत असेल. झाडांचा वाद १९७५ च्या वृक्ष जतन कायद्याखाली चालतो आणि त्याची हरकत जमिनीच्या हरकतीपेक्षा वेगळी, वेगळ्या टेबलावर द्यावी लागते.

‘तात्पुरता वापर’ हे शब्द दिसले की शेवटची तारीख लेखी मागा. शेत वर्षभरासाठी दिलं तर ते मुरूम-खडी काढून मूळ स्थितीत परत कोण देणार, हेही. कुंभासाठी ठेवलेली जागा मधल्या अकरा वर्षांत कशासाठी वापरायची, हा त्या सगळ्या पट्ट्याचा जुना आणि न सुटलेला वाद आहे.

कोर्टात जायचं तर

इथे वकील हवाच. पण वकिलाकडे जाण्याआधी चार गोष्टी माहीत असल्या तर फी वाचते.

सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी दावा करता येतो, पण सरकारविरुद्ध दोन महिन्यांची (दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८०), महापालिकेविरुद्ध एक महिन्याची (महापालिका अधिनियमाचं कलम ४८७) आगाऊ नोटीस लागते. तातडी असेल तर कलम ८० च्या नोटिशीतून सूट मागता येते. एमआरटीपी कायद्याखाली काढलेल्या आदेशाला दिवाणी न्यायालयात आव्हान देता येत नाही, कलम १४९ आडवं येतं. तिथे उच्च न्यायालयात रिट. नाशिकचं उच्च न्यायालय म्हणजे मुंबईच. कोल्हापूरला २०२५ साली सुरू झालेल्या सर्किट बेंचच्या यादीत आपला जिल्हा नाही. पंचवटी एक्सप्रेसचा पास काढणारा एक कार्यकर्ता तयार ठेवा. नदीपात्र, झाडं, पूररेषा असा पर्यावरणाचा विषय असेल तर पुण्यातलं हरित न्यायाधिकरण, पण तिथे वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं, उशीर झाला तर फार तर आणखी साठ दिवस.

जनहित याचिकेचा मोह सगळ्यांना होतो. तुमच्या खिडकीसमोरची बाग जाणार म्हणून तुम्ही कोर्टात आलात, तर त्यात तुमचा स्वतःचा हितसंबंध आहे, आणि तो लपवला तर याचिका तिथेच आपटते. रहिवासी म्हणून सरळ रिट करा. रहिवाशांना तो हक्क आहे, हे बंगळुरूतल्या मुद्दप्पा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली मान्य केलं. तिथे उद्यानाची जागा खासगी नर्सिंग होमला दिली होती, ती परत घ्यावी लागली. लखनौत तर १९९९ साली पार्काखाली बांधलेलं भूमिगत बाजारसंकुल काढून पार्क पूर्ववत करायला लावला.

पण हे निकाल वाचून हुरळू नका. ते लोक वेळेत गेले होते. इमारत चार मजले वर आल्यावर, त्यात फ्लॅट विकले गेल्यावर कोर्टात गेलात तर पहिला प्रश्न येतो, ‘इतके दिवस कुठे होतात?’ म्हणून पहिली मागणी ‘जैसे थे’ची असते. पत्रे लागले त्या दिवसाचे, खांब रोवला त्या दिवसाचे फोटो काढा आणि त्याच दिवशी स्वतःलाच ईमेल करून ठेवा. समोरचा दावा टाकायच्या बेतात असेल तर कॅव्हेट, म्हणजे ‘आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा अर्ज, दाखल करा. ते नव्वद दिवस टिकतं, नंतर पुन्हा करावं लागतं. आम्ही एकदा ब्याण्णवाव्या दिवशी जागे झालो होतो.

खर्च आधी मोकळेपणाने बोला. वर्गणी कोण देणार, किती तारखांपर्यंत, आणि अर्जदार म्हणून नाव कुणाचं लागणार. नोकरदार माणूस मागे सरतो, ते समजून घ्या. आमच्याकडे शेवटी तीन निवृत्त काका आणि एक शिक्षिका पुढे आल्या.

आमच्या जागेवरचे पत्रे निघाले, दावा अजून चालू आहे. मैदानात मुलं खेळतात, आणि दर जानेवारीत आमच्यापैकी एक जण त्या सर्व्हे नंबरचा ताजा सातबारा काढून आधीच्या वर्षाच्या सातबाऱ्याशेजारी ठेवतो. गेल्या जानेवारीत एक नवा फेरफार नंबर दिसला. पंधरा दिवसांच्या मुदतीत तलाठ्याकडे हरकत गेली, बाराव्या दिवशी.